युद्धातलं पोरपण: बोर्मनचं लंडन की स्पीलबर्गचं शांघाय?

युद्धाच्या धामधुमीत मोठ्या होणाऱ्या पोराची गोष्ट घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायची म्हटलं, की माझ्यापुरती यादी दोन नावांवर येऊन थांबते: जॉन बोर्मनचा 'होप अँड ग्लोरी' आणि स्टीव्हन स्पीलबर्गचा 'एम्पायर ऑफ द सन'. दोन्ही १९८७चे, दोन्हींच्या मुळाशी खरं बालपण. बोर्मननं स्वतःचंच मांडलंय, स्पीलबर्गनं जे. जी. बॅलार्डच्या कादंबरीवरून घेतलंय. गंमत म्हणजे बोर्मनचं नदीकाठचं पोरपण ज्या शेपर्टनच्या परिसरात गेलं, तिथेच बॅलार्ड पुढे कित्येक दशकं राहिला.

भव्यता हवी असेल तर प्रश्नच नाही, 'एम्पायर' बघा. १९४१च्या डिसेंबरात जपानी फौजा शांघायच्या गोऱ्या वस्तीत शिरतात. गर्दीत हातातलं खेळण्यातलं विमान पडतं, ते उचलायला छोटा नायक जिम आईचा हात सोडतो, आणि आई हरवते. तो घरी परततो तेव्हा आईच्या खोलीत जमिनीवर पावडर सांडलेली असते आणि तिच्यात झटापटीचे ठसे उमटलेले असतात. कालपर्यंत हुकूम झेलणारी आया घरातलं सामान उचलून नेत असते. जिम जाब विचारतो, तर ती शांतपणे जवळ येऊन त्याच्या कानाखाली वाजवते. साहेबी संपली हे सांगायला एवढं पुरतं. शिवाय जिमच्या भूमिकेत कोवळा ख्रिश्चन बेल! एवढ्या वयात सगळा सिनेमा एकट्यानं ओढून नेणं सोपं नाही.

मग अडलं कुठे? मला विचाराल तर संगीतात. जॉन विल्यम्सबद्दल आदर आहेच, पण इथे तो प्रेक्षकाला एकटं म्हणून सोडत नाही. जिमला डांबलेल्या जपानी कैदी छावणीवर अमेरिकी मस्टँग विमानं चाल करून येतात, जिम छतावर चढून बेभान ओरडतो, डॉक्टर त्याला खाली खेचायला धावतो. आणि मग पोरगं म्हणतं, आईबाबा दिसायचे कसे हेच आठवत नाही. या वाक्याला खरं तर काहीच लागत नाही. पण त्याआधीच वाद्यवृंद आणि कोरसनं आपल्याला 'आता रडा' अशी खूण केलेली असते. एकदा हे खटकलं की पुढे जागोजागी खटकत राहतं. आमच्याकडे तर धाकट्यानं 'बाबा, आता काहीतरी होणार बघ' असं संगीतावरून आधीच सांगायला सुरुवात केली. बाकी कुणाला हेच संगीत फार आवडेलही.

'होप अँड ग्लोरी'त असं कुणी खांद्यावर हात ठेवत नाही. बॉम्बनं शाळा उडते आणि पोरं आनंदानं नाचतात, एक जण तर ॲडॉल्फचे आभार मानतो. लंडनच्या या गोष्टीतल्या छोट्या नायकाचं, बिलचं घर जळतं, तेही बॉम्बनं नाही, साध्या आगीनं. सुटीवर आलेला बाप जर्मन जॅमचा डबा आणतो आणि घरात खल सुरू होतो: शत्रूचा जॅम, विष घातलं असेल तर? शेवटी बाप आधी चाखून दाखवतो. आमच्या आईनं १९७१च्या ब्लॅकआऊटमध्ये मुंबईत खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते. हा सिनेमा बघताना ती मध्येमध्ये इतकं बोलली की दोनदा थांबवावा लागला. 'एम्पायर'च्या वेळी ती गप्प होती. त्यातून काय सिद्ध होतं म्हणा, पण मला ते पुरलं.

शिवाय 'होप अँड ग्लोरी'त कुटुंब सतत समोर आहे, 'एम्पायर'मध्ये तसं नाही. बॅलार्ड प्रत्यक्षात आईवडिलांसोबतच छावणीत होता. जिमला एकटं पाडलंय ते गोष्टीनं.

बोर्मनकडे सलग कथानक नाही, नुसते प्रसंग आहेत, हे मान्य. मोठ्या बहिणीचं कॅनडाच्या सैनिकाशी जुळतं, तिथे लहान मुलांसमोर जरा अवघडायलाही होतं. दहाबारा वर्षांचं पोर असेल तर आधी एकट्यानं बघून घ्या. घरात विमानवेडा मुलगा असेल तर मात्र स्पीलबर्गच लावा, फक्त आवाज जरा कमी ठेवून.