ग्रो-लाइट मोजायला साधा लक्स मीटर: पावसाळ्यापासून आजवरचा अनुभव

आमच्या फ्लॅटमध्ये ऊन येतच नाही, समोर दुसरी इमारत आहे. म्हणून रॅकवर चार फुटी, २० वॅटच्या तीन पांढऱ्या एलईडी बॅटनखाली लेट्यूस, बेझिल आणि मिरचीची रोपं वाढवते. उजेड पुरेसा आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. ३०० लक्सची (लक्स म्हणजे डोळ्यांना जाणवणाऱ्या उजेडाचं माप) खोली आपल्याला लख्ख वाटते, आणि भर दुपारी उन्हात लाखभर लक्स असतात! शेवटी दीड हजाराच्या आतला, वायरीच्या टोकाला सेन्सर असलेला मीटर घेतला. पैसे वसूल झाले.

वेगळा सेन्सर हाच यातला खरा फायदा. त्याचा पांढरा घुमट शेंड्याच्या पानांच्या उंचीवर, वर तोंड करून ठेवायचा आणि आपली सावली पडणार नाही असं बाजूला होऊन आकडा वाचायचा. मोबाइलवरचं अ‍ॅपही वापरून पाहिलं, पण फोन जरा कलला की आकडा घसरतो. शिवाय अँड्रॉइड फोनचा सेन्सर प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळा. अ‍ॅपच वापरणार असाल तर सेन्सरवर साध्या पांढऱ्या कागदाचा तुकडा लावा आणि दरवेळी तोच फोन, तोच कागद ठेवा.

आता हिशेब. झाडांना लक्स नको, मायक्रोमोल हवेत, म्हणजे दर सेकंदाला एक चौरस मीटरवर पडणाऱ्या, झाडाच्या कामाच्या प्रकाशकणांचं माप. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला साधारण ६७ ने भागलं की कामापुरतं उत्तर मिळतं (उन्हासाठी ५४). माझ्याकडे बॅटनपासून १५ सेंटीमीटरवर मधोमध १४,५०० लक्स मिळतात, म्हणजे सुमारे २१६ मायक्रोमोल. लाइट १६ तास चालू ठेवला की दिवसाचा डीएलआय (दिवसभरात एक चौरस मीटरवर पडलेला असा एकूण प्रकाश, मोलमध्ये) १२ च्या थोडा वर जातो. लेट्यूसला १२ ते १७ लागतो, म्हणजे जेमतेम भागतं. हा भागाकार अंदाजाचाच आहे. नेमका आकडा हवा असेल तर थेट मायक्रोमोल मोजणारा क्वांटम मीटर लागतो, आणि तो कित्येक पटींनी महाग.

पण मला सगळ्यात उपयोगी पडली ती तुलना. ट्रेवर हातभर अंतराने मापं घेतली तेव्हा दिसलं की बॅटनच्या टोकाखाली मधल्यापेक्षा जवळजवळ निम्माच उजेड आहे. टोकाकडची रोपं लांबुडकी का होत होती, ते तिथे उलगडलं. टोकांना थर्माकोलच्या पांढऱ्या शीट उभ्या केल्या, आकडा वर आला. ट्रेही आता आठवड्याला फिरवते. आणखी एक गोष्ट: अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, हे बल्बला लागू. लांब ट्यूबखाली, जवळच्या अंतरावर, तो साधारण निम्मा होतो. म्हणून बॅटन थोडी वर घेतली तरी फार नुकसान होत नाही.

महिन्याला एकदा त्याच जागी माप घेते. एकदा आकडा बराच खाली आला होता. बॅटनवर धूळ बसली होती, ओल्या फडक्याने पुसल्यावर तो पूर्ववत झाला.

जांभळा लाइट असेल तर मात्र हा मीटर घेऊ नका. तो आपल्या डोळ्यांसारखा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला, म्हणजे ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात जास्त वजन देतो. ४५० चा निळा आणि ६६० चा लाल त्याला फारच कमी दिसतो. त्यामुळे झाडाला भरपूर मिळत असलं तरी आकडा क्षुल्लक येतो, आणि तो बघून लाइट आणखी जवळ आणला तर पानं करपतात.