पहिला घास कोणता: खिमट, नाचणी की डब्यातलं सीरियल?

घरात बाळाच्या जेवणाचा विषय निघाला की पहिला गोंधळ तारखेचा होतो. ‘सहावा लागला, आता उष्टावण करून घेऊ’ असं आजी म्हणतात तेव्हा बाळाचे पाचच महिने भरलेले असतात. डॉक्टर ‘सहा महिन्यांनी’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात पूर्ण १८० दिवस असतात. मुलाचं उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात ही रीत पाळणाऱ्या घरांत मुलीला सातवा महिना लागताच सुरुवात झाली तर ती अगदी वेळेवर होते. मुलाला मात्र सहाव्यात दिलं तर लवकर होतं आणि आठव्यासाठी थांबलं तर महिनाभर उशीर होतो. म्हणून समारंभ आणि रोजचं जेवण वेगळं ठेवा. मामाच्या मांडीवरचं उष्टावण सोयीच्या मुहूर्तावर होऊ दे, रोजची वाटी १८० दिवस भरले की सुरू करा.

चौथ्या-पाचव्या महिन्यात सुरू करावं का, हा प्रश्न बहुतेक वेळा बाळ रात्री उठतं म्हणून विचारला जातो. त्याचं उत्तर पेज नाही. मान सावरलेली असणं, आधारानं ताठ बसता येणं आणि तोंडात चमचा गेल्यावर जिभेनं बाहेर न ढकलणं, ही तयारीची खरी चिन्हं आहेत. मुठी चोखणं किंवा तुमच्या ताटाकडे टक लावून बघणं एवढ्यानं तयारी ठरत नाही. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर तारीख डॉक्टरांबरोबरच ठरवा. सातवा महिना उलटून जाऊ देणंही बरं नाही, कारण जन्माच्या वेळी शरीरात साठवलेलं लोह साधारण सहा महिन्यांत संपत येतं आणि आईच्या दुधात ते फार थोडं असतं.

कोणती वाटी निवडायची, याचा निकाल दोनच गोष्टींवर लागतो: लोह आणि दाटपणा. चव, परंपरा, किंमत हे सगळं त्यानंतर.

| | खिमट (तांदूळ-मूग) | मोड आलेली नाचणी | डब्यातलं सीरियल |
|---|---|---|---|
| लोह | कमी | मध्यम, पण शोषण कमी | मुद्दाम घातलेलं, सर्वांत जास्त |
| कॅल्शियम | कमी | भरपूर | लेबल पाहा |
| साखर | तुम्ही घालाल तेवढीच | तुम्ही घालाल तेवढीच | अनेकांत असते |
| शिजवणं | ८ ते १० मिनिटं | ५ ते ७ मिनिटं | कोमट पाण्यात कालवायचं |
| नेहमीची चूक | फार पातळ करणं | फडक्यातून गाळणं | फक्त त्यावरच राहणं |

खिमट सुरुवातीला सर्वांत सोपं. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा आणि बारीक रव्यासारखी भरड काढा. ओलावा राहिला तर आठवड्याभरात किडे किंवा बुरशी. दोन मोठे चमचे, म्हणजे अंदाजे २० ग्रॅम भरड आधी थोड्या थंड पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. मग एकूण २०० मिलि पाणी घालून ढवळत शिजवा. शेवटी एक चहाचा चमचा तूप.

हे तूप चवीपुरतं नाही. २० ग्रॅम भरडीतून साधारण ७० कॅलरी मिळतात, एका चमचा तुपानं त्यात ४५ची भर पडते. वाटी तेवढीच राहते, पण बाळाच्या पोटात दीडपटीहून जास्त कॅलरी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आईचं दूध पिणाऱ्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला बाहेरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी हव्या असतात. वरणाच्या पाण्यानं किंवा भाताच्या निवळीनं तो आकडा गाठता येत नाही. पोट भरतं, दूध कमी होतं आणि वजन जागच्या जागी राहतं. दाटपणाची कसोटी चमचा तिरका केला की कळते. खिमट त्यावर टिकून हळूच घसरलं तर ठीक, पाण्यासारखं ओघळलं तर अजून आटवा.

खिमटाची उणीव लोहाची. एका वाटीतून अर्धा मिलिग्रॅमसुद्धा मिळत नाही. अमेरिकेच्या मानकात ७ ते १२ महिन्यांच्या बाळासाठी रोज ११ मिग्रॅ धरले आहेत. भारतीय मानक बरंच कमी आहे, पण नुसत्या खिमटावर तेही गाठायला बऱ्याच वाट्या लागतील.

नाचणीचा मान तिच्या कॅल्शियमचा आहे: १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिग्रॅ, एवढं दुसऱ्या कुठल्या रोजच्या धान्यात नाही. लोह तांदळापेक्षा पुष्कळ जास्त, पण फायटेट आणि टॅनिनमुळे त्यातलं थोडंच अंगी लागतं. मोड आणल्यानं फायटेट कमी होतं. नाचणी १२ तास भिजवा, ओल्या फडक्यात २४ ते ३६ तास बांधून ठेवा, बारीक मोड दिसले की सावलीत वाळवा, चोळून मोड काढा, हलकी भाजून दळून चाळा. अनेक घरांत सत्त्व काढताना भिजलेली नाचणी वाटून दूध फडक्यातून गाळतात आणि खाली बसलेला साका वाळवतात. तो दिसायला मऊ आणि पांढरट असतो, पण ज्यासाठी नाचणी निवडली ते कॅल्शियम आणि लोह बऱ्याच अंशी फडक्यातल्या चोथ्याबरोबर जातं. त्यापेक्षा पीठ वस्त्रगाळ न करता बारीक चाळणीनं चाळा.

मोडांचा आणखी एक उपयोग फारसा कुणी सांगत नाही. साधं नाचणीचं पीठ शिजताना इतकं फुगतं की एका मोठ्या चमच्याला भरपूर पाणी घालावं लागतं आणि पेजेत पाणीच जास्त राहतं. मोड येताना धान्यात तयार होणारं अमायलेज हे विकर (एन्झाइम) पिठातलं स्टार्च तोडतं, म्हणून मोडाच्या पिठाची पेज त्याच पाण्यात पातळ राहते आणि पीठ जास्त घालता येतं. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात १९८०च्या दशकात यावर बरंच काम झालं. घट्ट खिमटात चिमूटभर मोडाचं पीठ घालून पुन्हा एक उकळी आणली की खिमट सैल होतं आणि पाणी वाढवावं लागत नाही. पीठ जास्त भाजलं असेल तर मात्र हा गुण उरत नाही. उकळी टाळू नका, कारण मोड येताना ओलाव्यात जंतूही वाढतात.

डब्यातल्या सीरियलबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात आणि दोन्ही अर्धवट आहेत. लोहाच्या बाबतीत ते वरच्या दोघांहून सरस आहे, आणि शाकाहारी घरात, विशेषतः आईला गरोदरपणी रक्तक्षय होता किंवा बाळाचं जन्मवजन कमी होतं तर, ही जमेची बाजू मोठी आहे. लेबल मात्र मागच्या बाजूनं वाचायचं. घटकांच्या यादीत साखर, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा मध असेल तर डबा परत ठेवा; दोन वर्षांपर्यंत वरून साखर नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुसरी अडचण पोताची. ते कायम गुळगुळीत असतं. त्यावर वाढलेलं बाळ नऊ-दहा महिन्यांनंतर भाताचं शीत लागलं तरी ओकारी काढतं. गुठळ्यांची सवय त्या वयाच्या आत लागली नाही तर पुढे फार जड जातं.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या आठवड्यात खिमट, दोन-तीन चहाचे चमचे, दिवसातून एकदा. दुसऱ्या आठवड्यात नाचणी, आणि शिजवलेला भोपळा किंवा गाजर कुस्करून. सातव्या महिन्याच्या अखेरीस डाळ आणि अंडं. अंडं पूर्ण उकडलेलं, पिवळं आणि पांढरं दोन्ही; पांढऱ्यासाठी वर्षभर थांबण्याची जुनी सूचना आता मागे पडली आहे. मांसाहारी घरात चिकनचा खिमा किंवा काटे काढलेलं पापलेट याच वेळी येऊ द्या, कारण त्यातलं लोह सहज शोषलं जातं. शाकाहारी घरात डाळीच्या वाटीवर आचेवरून उतरल्यावर लिंबाचे चार थेंब पिळा, क जीवनसत्त्वानं डाळीतलं लोह जास्त अंगी लागतं. चहात बुडवलेलं बिस्किट याच्या बरोबर उलट काम करतं. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा लोहाचं औषध आहे; तुमच्या बाळाला ते किती आणि कधी, हे आशाताई किंवा डॉक्टरांकडून निश्चित करून घ्या.

शेंगदाणा लांबणीवर टाकू नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ अभ्यासात ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना ११ महिन्यांच्या आत शेंगदाणा सुरू केल्यावर पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. द्यायचा तो भाजून अगदी बारीक कूट करून, खिमटात पाव चमचा मिसळून. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको. तीव्र इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी आधीच दिसली असेल तर डॉक्टरांना विचारून. असे पदार्थ सकाळी, एका वेळी एकच, आणि दोन-तीन दिवसांच्या अंतरानं द्या, म्हणजे अंगावर गांधी उठल्या किंवा उलटी झाली तर कारण कळतं.

मध बाळ वर्षाचं होईपर्यंत नाही. गुटीत किंवा चाटणातही नाही. त्यातले बोट्युलिझमचे जिवाणू-बीज बाळाच्या आतड्यांत रुजतात आणि विष तयार करतात. मीठही तोपर्यंत घालू नका.

चमच्यानं भरवायचं की हातात द्यायचं, हा अलीकडचा वाद. चमच्यानं किती गेलं ते कळतं आणि डाळ-तूप-लोह नीट पोचतं. पण समोर मोबाइल धरून तोंड उघडवलं की बाळाची भुकेची जाणीव बोथट होते. स्वतः खाणारं बाळ थांबायला शिकतं आणि चावायलाही लवकर लागतं, मात्र पहिले दोन महिने निम्मं जमिनीवर जातं. दोन्ही एकत्र करा: वाटी चमच्यानं, आणि आठव्या महिन्यापासून हातात तुमच्या बोटाएवढा उकडलेला बटाटा, रताळं, पिकलेलं केळ किंवा इडलीचा तुकडा. दोन बोटांत दाबल्यावर चुरडला तरच तो तुकडा योग्य. कच्चं गाजर, सफरचंदाच्या फोडी, अख्खी द्राक्षं, फुटाणे आणि लाह्या नकोत.

ओकारी आणि घुसमट यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. ओकारीत बाळ खोकतं, लाल होतं, आवाज करतं. हात न लावता थांबायचं. घुसमटीत आवाज येत नाही, ओठ निळे पडतात. मग डोकं खाली करून मांडीवर पालथं धरा, खांद्यांच्या मधोमध पाठीवर ५ जोरदार थापा, उताणं करून छातीच्या मध्यावर ५ दाब, आणि हे घास निघेपर्यंत आळीपाळीनं. दुसऱ्याला तोवर १०८ लावू द्या. घास दिसत नसेल तर तोंडात बोट घालू नका, तो आत ढकलला जातो.

आई कामावर परतणार असेल तर पाळणाघरात तीन गोष्टी लिहून द्या: शिजवलेली वाटी बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायची नाही, बाळाचा चमचा लागलेलं उरलेलं संध्याकाळी पुन्हा गरम करून द्यायचं नाही, आणि पाणी उकळून गार केलेलं, बाटलीनं नाही, वाटीनं. नवीन पदार्थ पाळणाघरात प्रथम द्यायला सांगू नका, त्यासाठी रविवार सकाळ ठेवा.