फूड रजिस्ट्रेशन स्वतः काढलं, त्याचा अनुभव

पुण्यात धायरीत राहते. घरून गूळपोळी, पुरणपोळी आणि दिवाळीत फराळ करून विकते. अकरा वर्षं कुठलाच कागद नव्हता. एकदा सरकारदरबारी नाव लागलं की इन्स्पेक्टर दारात, घराचा टॅक्स कमर्शियल, वर जीएसटी, असं आम्हा घरगुती करणाऱ्या बायकांच्या मनात पक्कं बसलेलं. शिवाय कुणी विचारतही नव्हतं. गिऱ्हाईक ओळखीचं, पैसे रोख, हिशोब वहीत.

2022 च्या दिवाळीआधी हिंजवडीच्या एका कंपनीतून दीडशे बॉक्सची चौकशी आली. तिथल्या मॅडमनी दराच्याही आधी लायसन्स नंबर विचारला. बिल हवं, पाकिटावर नंबर हवा. नंबर नव्हता, ऑर्डर हातची गेली. फार लागलं मनाला.

एका एजंटने तीन हजार सांगितले, वर 'जीएसटी तर काढावाच लागेल' म्हणून आणखी पाच. हे साफ खोटं. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, माझी वर्षाची विक्री चारेक लाख.

मग भाच्याला घेऊन फॉसकॉस या खाद्यपदार्थांच्या परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर बसले. तेव्हा 12 लाखांच्या आत उलाढाल असली की साधं रजिस्ट्रेशन पुरत होतं, फी वर्षाला 100 रुपये. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा. गूळपोळी कुठल्या प्रकारात टाकायची ते शोधण्यात पाऊण तास गेला, यादी आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत नाहीच. लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर, म्हणून अर्ज एकदा परत आला. त्यांचं नाहरकत पत्र जोडलं आणि आठवड्याभरात 14 आकडी नंबर हातात. तपासणीला आजवर कुणी आलं नाही. आले तर ओटा बघतील, डबे बघतील. बघू देत.

सोबत शॉप ॲक्टही केलं, म्हणजे दुकान-धंद्याची सरकारी नोंद. तेव्हा दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर महाराष्ट्रात फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागायची. त्याच्या पावतीवर बँकेत करंट खातं उघडलं. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. पैसे मागणाऱ्या साइट शोधताना आधी दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का ते बघा.

एक अपेक्षा मात्र फसली. उद्यमचा कागद दाखवला की कर्ज सहज मिळेल वाटलं होतं. बँकेने दोन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न मागितली आणि माझ्याकडे अकरा वर्षांच्या वह्या. हे कुणी आधी सांगितलं असतं तर रिटर्न केव्हाच भरायला लागले असते.

शेजारच्या काकू पोरांना आठ डबे देतात. त्या म्हणतात, मला कोण विचारतंय. खरंय, मलाही कोणी विचारत नव्हतं, म्हणून त्यांच्यावर चिडत नाही. पण खायचं विकायचं तर आठ डब्यांनाही रजिस्ट्रेशन लागतंच, आणि शंभर रुपयांसाठी तीन हजार देऊ नका एवढं त्यांना सांगितलंय. पुढच्या शनिवारी बसणार आहोत.

त्या संक्रांतीला अप्पा बळवंत चौकाजवळून नंबरची स्टिकरं छापून आणली. पाकिटावर सरळ बसावीत म्हणून पट्टी लावून एकेक चिकटवलं. पेठेतल्या एका दुकानात माझ्या पोळ्या इतकी वर्षं काउंटरखाली असायच्या, मागेल त्याला काढून द्यायचे. या वेळी त्यांनी पाकिटं उलटून नंबर वाचला आणि पुढच्या काचेत मांडली.