गाऊन मोकळा करून देते म्हणाली, आणि कापडच नेलं

माझ्या लग्नाच्या गाऊनचं जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या गाऊनचं होऊ नये, म्हणून सविस्तर लिहिते आहे. लग्न तोंडावर आलंय आणि गाऊन अल्टर करायला टाकायचाय, अशा मुलींनी हे कपडा हातातून सोडण्याआधी वाचावं.

गाऊन शुद्ध रेशमाचा, अस्तरही रेशमी. लांब, अंगाबरोबर बसणाऱ्या बाह्या आणि मागे जमिनीवर लोळणारी दीड मीटरची ट्रेल. उभं राहिलं की देखणा दिसायचा, पण हात खांद्याच्या वर जायचे नाहीत. आम्हा दोघांना नाचायचं होतं. त्यासाठी कित्येक महिने शिकत होतो, त्यामुळे माझ्यासाठी ती हौसेपुरती गोष्ट नव्हती.

ओळखीतून एक बाई मिळाली. घरीच काम करायची, बोलायला अतिशय गोड. तिने स्वतःहून सुचवलं की ट्रेल वीतभर कमी करू, त्या कापडातून काखेत चौकोनी जोड घालू, म्हणजे हात मोकळे होतील. उरलेली ट्रेल नाचताना उचलून अडकवता यावी म्हणून आतून बटणं आणि लूप लावू, आणि खालचा घेर बुटांच्या उंचीप्रमाणे हातशिलाईने दुमडू. मला हे सगळं पटलं, कारण योजना खरोखरच बरोबर होती. फसवणारं माणूस अडाणीच असतं असं नाही, तिला कामातलं सगळं कळत होतं. पैसे तिने आधीच पूर्ण घेतले. पावतीवर लिहिलं फक्त ‘गाऊन अल्टरेशन’.

ट्रायलच्या वेळी तिने मला आरशासमोर ताठ उभं केलं. मी हात वर करायला गेले तर म्हणाली, ‘ताई, हलू नका, टाचण्या टोचतील.’ मी हलले नाही. पुढची ट्रायल आज-उद्या करत टळली आणि गाऊन लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हातात आला, चेन लावलेल्या कव्हरमध्ये. ‘आता उघडू नका, इस्त्री मोडेल,’ असं बजावून दिला. आम्ही विश्वास ठेवला.

नाच सुरू झाला. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अख्खा गाऊन कंबरेपासून वर सरकला. पहिल्या गिरकीला मागून टर्रकन आवाज आला. ट्रेल सुटून पायात आली, टाच तिच्यात अडकली आणि मी पडता पडता वाचले. खालची दुमड एका बाजूने उलगडून लोंबत होती. आम्ही अर्ध्यातच थांबलो. तो क्षण मला परत मिळणार नाही, याचं वाईट अजूनही वाटतं.

चार दिवसांनी मावशीने गाऊन उलटा करून पलंगावर पसरला. तिचा जन्म शिवणकामात गेला आहे. चष्मा लावून ती एकेक शिवण बोटाने चाचपत गेली. काखेत जोड नव्हताच. बाईने मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेभोवतीची गोलाई, खाली कापून बाही तिथे पुन्हा जोडली होती. मावशीने मला नीट समजावलं, ते इथे मुद्दाम लिहिते. मुंढा खाली गेला की घालताना सैल वाटतो, पण हात वर केला की बाही सगळा कपडा वर ओढते. मुंढा काखेजवळ, उंच असेल तरच हात मोकळा फिरतो आणि बाकीचा गाऊन जागेवर राहतो. कापलेला मुंढा परत वर आणायला नवीन कापड लागतं. म्हणजे आमचे पैसे घेऊन तिने गाऊन आणखी अवघड करून ठेवला होता.

दुमडीत एकही टाका नव्हता, इस्त्रीने चिकटणारी पट्टी होती. हात फिरवला की पुठ्ठ्यासारखी कडक लागते, तीच तिची खूण. बटणं एकेरी रेशमावर लावली होती, मागे आधाराला कापडाचा तुकडा नाही, शिवणीचा आधार नाही. ट्रेलचं वजन पडल्यावर तिथलं कापड फाटणारच होतं.

मग मावशीला अस्तराचा स्पर्श वेगळा लागला. तिने आतल्या शिवणीतून दोन धागे ओढले आणि चिमट्यात धरून पेटवले. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. हा धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला कडक मणी झाला. पॉलिस्टर. रेशमी अस्तर काढून घेतलं होतं. ट्रेल मोजली तर नव्वद सेंटिमीटर भरली. ठरलं होतं वीतभर, कापली होती साठ सेंटिमीटर. ते रेशीम कुठे गेलं?

फोन केला. ‘तुम्ही घालून नाचलात, वापरलेल्या कपड्याची जबाबदारी माझी नाही. कापड उरलंच नाही.’ पावतीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, गाऊनचे आतून फोटो आम्ही काढले नव्हते. एक पैसा परत आला नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, देण्याआधी गाऊन उलटा करून अस्तराचे, शिवणींचे फोटो काढा आणि ट्रेल टेपने मोजून ते माप पावतीवर लिहून घ्या. काय कापणार, कुठे जोडणार, हेही तिथेच लिहा. निम्मे पैसे शेवटच्या ट्रायलपर्यंत हातात ठेवा. ती ट्रायल नाचाचे बूट घालून करा. हात वर करा, खाली बसा, ट्रेल अडकवून गिरकी घ्या. टाचण्या टोचतील म्हणून कुणी थांबवलं, तर टाचण्या काढून टाके घातल्यावर पुन्हा बोलवा म्हणावं. आणि कापलेला प्रत्येक तुकडा परत मागा.

गेल्या महिन्यात मावसबहिणीचा गाऊन द्यायला मी सोबत गेले होते. तुकडे परत हवेत म्हटल्यावर तिथला शिंपी म्हणाला, ‘देणारच, पुढे कधी दुरुस्ती लागली तर हेच कामाला येतात.’ गाऊनबरोबर त्याने चिंध्यांची छोटी पिशवी दिली, टाचणीने कव्हरला लावून.