लिटमन क्लासिक ३: व्होकल रेझोनन्ससाठी पुरेसा, फक्त दाब सांभाळा

व्होकल रेझोनन्स, म्हणजे पेशंट बोलत असताना त्याचा आवाज छातीवर स्टेथोने ऐकणं, शिकायला महागडा कार्डिओलॉजी स्टेथो घ्यायची गरज नाही, लिटमनचा क्लासिक ३ स्टेथो पुरतो. गोंधळ होतो तो याच्या सगळ्यात मोठ्या सोयीमुळे. डायफ्रॅम, म्हणजे छातीवर टेकवायचा पडदा, ट्यूनेबल आहे, म्हणजे हलका टेकवला की खालच्या पट्टीतले आवाज येतात आणि दाबला की वरच्या पट्टीतले. व्होकल रेझोनन्स म्हणजे तर सगळी डाव्या-उजव्याची तुलना. डावीकडे हलका आणि उजवीकडे दाबून ऐकलंत, तर निरोगी छातीतही उजवीकडे आवाज कमी वाटेल आणि नसलेलं इफ्युजन (फुप्फुसाभोवती साठलेलं पाणी) केसशीटवर उतरेल. दोन्हीकडे जागा तीच, दाब तोच, शब्दही तोच हवा. पाठीवर ऐकताना पेशंटला हातांची घडी घालून खांदे धरायला सांगा, खवाटे बाजूला सरकतात.

‘एक, दोन, तीन’ म्हणायला लावा. हवा भरलेल्या फुप्फुसातून वरच्या पट्टीतला आवाज फारसा पोचत नाही, म्हणून नुसती गुणगुण येते, शब्द लागत नाहीत. न्यूमोनियाने घट्ट झालेल्या भागावर मात्र आकडे स्वच्छ कळतात, ही ब्राँकोफनी. तिथेच लांबवलेला ‘ई’ बकरीच्या ओरडण्यासारखा, नाकातल्या ‘ए’सारखा ऐकू आला की इगोफनी. इफ्युजनच्या वरच्या कडेलाही ती सापडते, खाली पाण्यावर आवाज दबलेलाच. उजव्या फुप्फुसाच्या शिखरावर आवाज जरा मोठा असणं नॉर्मल आहे, श्वासनलिका त्या बाजूला जवळ असते.

पेशंटला शब्द कुजबुजायला लावून ऐकताना मात्र डायफ्रॅम घट्ट दाबायचा. ‘हळू बोला’ म्हटलं की पेशंट बारीक आवाजात बोलतो, कुजबुजत नाही. त्याच्या गळ्यावर बोट ठेवा. कंप लागला तर ती कुजबुज नव्हे. ‘आजी, कानात गुपित सांगता ना, तसं म्हणा’ हे चटकन समजतं.

छातीवर टेकवायच्या चकतीच्या छोट्या बाजूचं मोल बरेच विद्यार्थी ओळखत नाहीत. हाडकुळ्या पेशंटच्या बरगड्यांमधल्या खाचेत मोठा डायफ्रॅम पूर्ण टेकत नाही, कडेने फट राहते. तिथे आणि हंसळीच्या वरच्या खळग्यात छोटी बाजू नीट बसते. उघडी बेल, म्हणजे पडदा नसलेली वाटी, हवी असेल तर छोट्या बाजूचा डायफ्रॅम काढून रिम बसवावी लागते. चालू राउंडमध्ये ही खटपट कोण करणार? व्होकल रेझोनन्सला तिची गरजही पडत नाही.

इअरटिप मऊ आहेत, पण सोबतचे दोन्ही आकार लावून बघा. सैल बसल्या तर तोंडातून निघालेले शब्द खोलीतूनच कानात शिरतात आणि प्रत्येक छातीत ब्राँकोफनी सापडू लागते.