टर्कीच्या शिकारीला सामान न्यायचं कशातून? मार्च ते ऑक्टोबर वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. टर्की व्हेस्ट, म्हणजे टर्की या जंगली पक्ष्याच्या शिकारीसाठी शिवलेलं बिनबाह्यांचं जाकीट, घ्या, पण खिशांसाठी घेऊ नका, बैठकीसाठी घ्या. जाहिरातींत खिशांचीच मोजदाद असते: याला इतके, त्याला तितके, शिट्टीला वेगळा, पाण्याच्या बाटलीला वेगळा. जंगलात खरी कामाला येते ती मागे लटकणारी जाड गादी. माझ्या व्हेस्टचे निम्मे खिसे आज रिकामे आहेत आणि ते तसेच राहणार.

मी अमेरिकेत, मिसुरीत राहतो. सेंट लुइसहून दक्षिणेला ओझार्कच्या डोंगरांत, बहुतेक वेळा मार्क ट्वेन राष्ट्रीय वनात शिकारीला जातो. ओक आणि हिकरीचं जंगल, पायाखाली गोटे, चढउतार भरपूर. जमीन सार्वजनिक असल्यामुळे गाडी लावून अंधारात बरंच चालावं लागतं, आणि या लेखातली निम्मी मतं त्या चालण्यातून आली आहेत. स्वतःच्या शेतात झाडाखाली तंबू ठोकून बसणाऱ्याला माझ्या मतांचा फारसा उपयोग नाही. त्यानं खुर्ची न्यावी. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी हे दुरूनच वाचायचं प्रकरण आहे, कारण तिकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरत नाही. मात्र भिगवणला पहाटेपासून कॅमेरा घेऊन चिखलात बसणाऱ्यांनी गादीबद्दलचा भाग जरूर वाचावा.

ज्यांनी ही शिकार पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वसंतात आपण पक्ष्याच्या मागे जात नाही. आपण मादीचा आवाज काढतो आणि नर, म्हणजे गॉबलर, शोधत आपल्याकडे येतो. येईपर्यंत दहा मिनिटं लागतील किंवा अडीच तास. त्याला रंग दिसतात, मान जराशी वळवली की जवळपास चहूकडचं दिसतं, आणि हालचाल तर लगेच टिपतो. तेव्हा खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याचं झाड बघायचं, पाठ टेकायची, गुडघे वर घेऊन त्यांवर बंदूक ठेवायची आणि हलायचं नाही. सामान कशातून न्यावं हे याच बसण्यावर ठरतं. चालताना काय सोयीचं वाटतं ते दुय्यम.

दुकानात आरशासमोर उभं राहिलं की सगळे खिसे हाताशी वाटतात. गुडघे वर घेऊन जमिनीवर बसलात की कमरेखालचे खिसे पोट आणि मांडी यांच्यात चेपतात आणि त्यातून काही काढायचं तर अख्खं अंग हलवावं लागतं. म्हणून बसल्यावर लागणाऱ्या वस्तू फक्त छातीवर. मादीचा आवाज काढायच्या साधनाला इथे कॉल म्हणतात. माझ्या डाव्या छातीच्या खिशात तोंडात धरायच्या डायफ्राम कॉलची चपटी डबी, उजव्या खिशात स्लेट कॉल, म्हणजे घासून वाजवायची छोटी गोल पाटी, आणि त्याच्याच शेजारच्या उभ्या नळीत त्याची काडी, म्हणजे स्ट्रायकर. खालच्या खिशांत बसून असताना लागत नाही तेच: हेडलॅम्प, दोरी, कात्री, टॉयलेट पेपर, चिक्की.

आवाजाचा मुद्दा मी विकत घेताना फार मनावर घेतला नव्हता, आता मात्र तोच आधी तपासतो. वेल्क्रो असलेलं व्हेस्ट घेऊच नका. पहाटेच्या शांततेत वेल्क्रो उघडल्याचा आवाज शंभर पावलांवरच्या झाडावर झोपलेल्या पक्ष्यालाही ऐकू जाईल. चुंबकाचे खिसे बरे, पण झाकण सुटलं की टक्‌ असा आवाज होतो, म्हणून बोटानं धरून हळू सोडायचं. चेनच्या धातूच्या टोकांना मी दोरीचे तुकडे बांधून टाकलेत. बॉक्स कॉल, म्हणजे वरची फळी घासून वाजवायची लाकडी पेटी, हा सगळ्यांत त्रासदायक, कारण चालताना त्याची फळी हलते आणि वाड्याच्या जुन्या दारासारखी कुरकुरते. फळीखाली कापडाची घडी घालून वरून रबर लावला की गप्प बसतो. स्लेट आणि स्ट्रायकर एकाच खिशात ठेवलेत तर दर पावलाला खडखड होते आणि स्लेटच्या पृष्ठभागावर ओरखडेही येतात. शिवाय ओल्या स्लेटमधून आवाज निघत नाही. मिसुरीत एप्रिलमध्ये पाऊस हमखास, आणि माझ्या व्हेस्टच्या स्लेटच्या खिशाला आतून अस्तर नाही. मी प्लॅस्टिकची साधी चेनवाली पिशवी वापरतो. महागड्या व्हेस्टमध्ये ही सोय असायला हवी होती असं राहून राहून वाटतं.

आता गादी. माझ्या व्हेस्टची गादी मागच्या बाजूला दोन बकलांना अडकते. चालताना वर घडी घालून चुंबकानं चिकटवायची, बसताना खाली पाडायची. जाडी साधारण तीन इंच. ओझार्कच्या गोट्यांवर तासभर बसल्यावर या तीन इंचांची किंमत कळते. पाय मुंग्या येऊन बधिर झाले की माणूस हलतो, आणि हलला की पक्षी गेला. काही व्हेस्टना मागे घडीचे पाय असलेली चौकट येते, म्हणजे झाडाशिवायही पाठ टेकून बसता येतं. शेजारच्या काकांकडे तसलं आहे. काका म्हणजे इथलेच, सत्तरी ओलांडलेले, आमची मुलं त्यांना काकाच म्हणतात. त्यांच्या मते चौकट हीच खरी गोष्ट. मला ती झाडाझुडपांतून जाताना फांद्यांत अडकते आणि वजनही वाढवते. शिवाय झाडाला पाठ टेकणं सुरक्षिततेसाठीही चांगलं, मागून कुणी चुकून गोळी झाडली तर मध्ये बुंधा असतो. त्यामुळे चौकटीला माझा नकार, पण ज्यांची कंबर धरते त्यांनी काकांचं ऐकावं.

गादीत खोट एकच. ऑक्टोबरपर्यंत मधला फोम बसला आहे. तीन इंचांचे आता दोन राहिलेत. शिवण शाबूत, बकल शाबूत, चेन एका ठिकाणी गंजली. जाळीच्या पाठीत काटेरी बिया अडकतात त्या चिमट्यानं काढाव्या लागतात. धुताना कपडे उजळवणारी पावडर वापरू नका, पक्ष्यांना तो जास्तीचा उजेड दिसतो. मी साध्या पाण्यानं पुसतो आणि उन्हात टाकतो.

उंचीबद्दल आपल्या लोकांनी विशेष लक्ष द्यावं. ही व्हेस्टं सहा फुटी माणसाच्या मापानं कापलेली असतात. माझी उंची पाच फूट पाच इंच. खांद्याचे पट्टे पूर्ण आवळूनही गादी मांड्यांच्या मागे आपटत राहायची, चालताना दर पावलाला थप्प. शेवटी गादीचे वरचे पट्टे शिवून आखूड करून घेतले. खांद्यावरचा जाड पट्टाही बंदुकीच्या दस्त्याखाली येतो, त्यामुळे बंदूक खांद्याला लावल्यावर लांब झाल्यासारखी वाटते. म्हणून छर्‍याचा फैलाव तपासायला मैदानावर जाल तेव्हा व्हेस्ट घालूनच जा. बारा बोअरचा धक्का त्या पट्ट्यामुळे कमी बसतो हा फायदाही आहे.

पाठीवरची सॅक मी मार्चमध्ये, हंगामाच्या आधी पक्षी कुठे झोपतात ते बघायला फिरताना वापरली. त्या कामाला सॅकला तोड नाही. वजन कमरेवर येतं, दुर्बीण, पाणी, जॅकेट सगळं मावतं. शिकारीला मात्र ती आडवी येते. गॉबलर अचानक जवळून ओरडला तर जागच्या जागी बसायला काही सेकंद मिळतात, आणि सॅक काढून बाजूला ठेवण्यात ते जातात. पाठीवर ठेवूनच झाडाला टेकलात तर पुढे झुकून बसावं लागतं.

कमरपट्टा, म्हणजे कमरेला बांधायची छोटी पिशवी, हा तिसरा पर्याय, आणि मे महिन्यात मला तो व्हेस्टपेक्षाही आवडला. तोपर्यंत सकाळी गारठा आणि नऊनंतर घाम असं हवामान असतं, व्हेस्टखाली पाठ भिजते. दोन डायफ्राम, एक स्लेट, काडतुसं, हातमोजे, मच्छरांचं यंत्र, परवाना, बस्स. डोंगराची एक धार ओलांडून दुसरीकडे जायला हलकं वाटतं. पण नकली पक्षी, म्हणजे डिकॉय, नेता येत नाहीत. गादी वेगळी दोरीनं लटकवावी लागते, आणि तीच कुठेतरी विसरण्याची भीती. ऑक्टोबरच्या हंगामात, जेव्हा बसण्यापेक्षा चालणं जास्त, तेव्हाही मी कमरपट्टाच बांधला.

मग व्हेस्ट का ठेवलं? गादी आहेच, शिवाय मागच्या मोठ्या पिशवीमुळे. मेलेला गॉबलर आठ-दहा किलोचा असतो. तो हातात धरून दोन मैल डोंगर चढणं म्हणजे शिक्षा. इथे एक गोष्ट मात्र कुठल्याही सोयीपेक्षा मोठी. गॉबलरच्या डोक्यावर लाल, पांढरा, निळा असे रंग असतात, म्हणून शिकाऱ्यानं या तीन रंगांचं काहीही अंगावर दिसू देऊ नये, आतला बनियनही नाही, खिशातला रुमालही नाही. पिशवीतून शेपटी किंवा डोकं डोकावत असेल तर झुडपापलीकडच्या दुसऱ्या शिकाऱ्याला तुम्ही टर्की दिसता. माझ्या व्हेस्टच्या पिशवीला भगव्या रंगाचं झाकण आहे, ते बाहेर काढून पक्ष्यावर पांघरायचं. तुमच्यात नसेल तर भगव्या कापडाची मोठी पिशवी स्वस्तात मिळते, ती घडी करून ठेवा. डिकॉयही नेताना झाकूनच.

इथला परवानाही लगेच हाताशी लागतो. पक्षी पडल्याबरोबर परवान्यावर तारखेची खाच करायची आणि त्याच रात्री 10 च्या आत टेलिचेकवर, म्हणजे राज्याच्या शिकार-नोंदणी यंत्रणेत, नोंद. सार्वजनिक जमिनीवर वसंतात दुपारी 1 ला शिकार थांबते. हे नियम जाचक वाटतात त्यांना काका एक गोष्ट सांगतात: त्यांच्या लहानपणी या राज्यात टर्की जवळपास संपले होते. दक्षिणेकडे पेक रँचवर पक्षी पकडून दुसऱ्या भागांत सोडले, आणि 1960 मध्ये हंगाम पुन्हा उघडला. परवाना छातीच्या आतल्या चेनच्या खिशात ठेवा, घामानं ओला होऊ नये म्हणून तोही प्लॅस्टिकमध्ये.

गोचिडांचं वेगळं. व्हेस्टची गादी दिवसभर पानांवर असते, म्हणजे गोचिडांना आयतंच वाहन. परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून पूर्ण वाळवल्यावरच वापरा, आणि घरी आल्यावर व्हेस्ट गॅरेजमध्येच टांगा, सोफ्यावर नाही. इथल्या लोन स्टार गोचिडाच्या चाव्यातून काहींना लाल मांसाची ॲलर्जी जडते. टर्की आणि कोंबडी चालते, पण मटणाचा रस्सा सुटू शकतो. आमच्या घरात ही धमकी बाकी सगळ्या सूचनांपेक्षा जास्त लागू पडली.

नवीन घेणार असाल तर दुकानातच जाड जॅकेटवर घालून जमिनीवर बसा, गुडघे वर घ्या, डोळे मिटा आणि स्लेट काढून परत ठेवा. विक्रेता बघत राहील, बघू दे. मी पुढच्या मार्चच्या आधी फक्त फोम बदलून घेणार आहे, व्हेस्ट हेच.