'आयला'वर चार दिवस: ८×४२ दुर्बीण, नऊ महिन्यांनंतर

दुर्बीण फेब्रुवारीत घेतली, लिहितेय नोव्हेंबरात. दुकानाच्या काउंटरवर उभं राहून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचली तर सगळ्याच दुर्बिणी छान वाटतात, म्हणून तेव्हा गप्प बसले. ग्लासगोच्या आसपासची तळी, उन्हाळ्यातले डास आणि शेवटी ऑक्टोबरात स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या आयला बेटावरचे चार दिवस, एवढं झाल्यावर आता बोलायला हरकत नाही.

हो, आयलाच. इंग्रजी स्पेलिंग बघून 'इस्ले' म्हणावंसं वाटतं, पण उच्चार आयला. पुण्याहून आलेल्या बाबांना हे सांगितलं आणि पुढचे चार दिवस त्यांचं प्रत्येक वाक्य बेटाच्या नावानेच सुरू झालं.

ब्रँड लिहीत नाही, कारण तक्रारीही आहेत आणि मला कुणाशी भांडायचं नाही. वर्ग सांगते: रूफ प्रिझम (म्हणजे सरळ नळ्यांची), आत बाष्प धरू नये म्हणून नायट्रोजन, वजन पाऊण किलोच्या आत, किंमत साडेतीनशे पौंडांच्या आसपास.

घेताना १०×४२ आणि ८×४२ मध्ये बरेच दिवस घोळ घातला (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास). दहापट दिसत असताना आठपटीवर का थांबायचं, हा प्रश्न प्रत्येकालाच पडतो. त्याचं उत्तर आयलाच्या वाऱ्याने दिलं. बाबांकडे त्यांची जुनी १०×५० आहे, भिगवणला रोहित आणि पट्टकादंब बघण्यात पंधरा-वीस वर्षं झिजलेली. बेटाच्या दक्षिण टोकाला ओआ नावाचा कड्यांचा भाग आहे, तिथे पहिल्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांवरच्या अमेरिकन सैनिकांचं स्मारक आहे. त्या स्मारकापाशी उभं राहून बाबा सोनेरी गरुड शोधत होते. वारा असा की टोपीवर एक हात ठेवावाच लागत होता. दहापट मोठं दिसतं म्हणजे हाताचा कंपही दहापट मोठा दिसतो. बाबा म्हणाले, "अगं, गरुड आहे की नाही देव जाणे, पण आख्खा डोंगर नाचतोय." माझी त्यांच्या हातात दिली. थोडा वेळ ते काही बोललेच नाहीत. मग फक्त, "मान सोनेरी आहे गं खरंच."

मी मात्र तो गरुड नुसत्या डोळ्यांनी बघितला. ठिपका होता.

आता प्रकाशाचं. दुर्बिणीतून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी काढायला भिंगाच्या व्यासाला पटीने भागायचं: ४२ भागिले ८, म्हणजे ५.२५ मिलिमीटर. बाबांच्या १०×५० ची ५. कागदावर फरक नाहीच म्हणा ना. पण संध्याकाळी सहाच्या सुमारास लॉख ग्रुइनार्ट नावाच्या खाडीच्या काठावर गाडी लावून बसलो, तेव्हा त्यांच्या दुर्बिणीत राखाडी चिखल होता आणि माझ्यात त्याच चिखलावर उतरणारे हंस. फरक भिंगांवरच्या आणि प्रिझमवरच्या लेपांचा. शिवाय बाबांची दुर्बीण जलरोधक नाही. दुसऱ्याच दिवशी तिच्या आत बाष्प धरलं, आणि आतलं बाष्प रुमालाने पुसता येत नाही. नायट्रोजन भरलेल्या दुर्बिणीला बाहेरून वाफ धरते, पुसली की गेली. दुकानात हा मुद्दा मी जाहिरातबाजी समजून सोडून दिला होता.

त्या संध्याकाळबद्दल थोडं. ग्रीनलंडमध्ये वीण झाली की बार्नॅकल गूज जातीचे हे हंस आइसलंडमार्गे ऑक्टोबरात इथे हजारोंनी उतरतात. काळी मान, दुधी चेहरा, पाठीवर राखाडी पट्टे. दिवसभर शेतांतलं गवत खातात, अंधार पडायला लागला की समुद्राच्या खाडीतल्या उघड्या चिखलावर झोपायला येतात, म्हणजे जमिनीवरच्या शिकाऱ्यांची भीती नको. आधी आवाज येतो, गल्लीतली सगळी लहान कुत्री एकदम भुंकायला लागावीत तसा. मग आकाशात रेघा. आठपटीचा फायदा इथेही कळला: दृश्य रुंद असल्याने थवा सुटत नाही. (शेतकऱ्यांना अर्थातच एवढं कौतुक नाही. त्यांच्या गुरांचं गवत हे पाहुणे फस्त करतात, त्यापोटी त्यांना सरकारी योजनेतून पैसे मिळतात, आणि तो तिथला कायमचा वादाचा विषय आहे.)

रंगांची खरी परीक्षा दुसऱ्या जातीवर झाली. व्हाइट-फ्रंटेड गूजची ग्रीनलंडची उपजात आयलावर येते, संख्या घटत चाललेली. तिची चोच नारिंगी, युरोपातून येणाऱ्या उपजातीची गुलाबी. ढगाळ उजेडात, दीडशे मीटरवरून नारिंगी की गुलाबी हे छातीठोकपणे सांगता आलं. बेटावरच आर्डनेव्हला शेणाच्या पोवट्यांत किडे शोधणारे चफ दिसले. कावळ्याच्याच घराण्यातले, पण चोच आणि पाय लालभडक. तो लाल रंग अगदी स्वच्छ. उलट उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळा पक्षी बघितला की कडेला जांभळी किनार दिसते. ह्या किमतीत ती असणारच, पण एकदा दिसायला लागली की मग दिसतच राहते.

तक्रारी. गळ्यातला पट्टा भिकार आहे. अरुंद, कडक, तासाभरात मान काचते. पुढच्या भिंगांची झाकणं नुसत्या रबरी कड्यांवर लटकतात. डावं ओआच्या कड्यावरून अटलांटिकला अर्पण झालं. उजव्या डोळ्याच्या फरकाची कडी इतकी सैल की पिशवीतून काढताना फिरते, आणि मग पाच मिनिटं आपण आपल्या चष्म्याच्या नंबरला दोष देत बसतो. मी तिच्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, जागा कळायला. थंडीत फोकसचं चाक जड होतं, हातमोजे घालून तर जास्तच. जूनमध्ये एक आयकप (डोळ्याशी टेकणारी वरखाली होणारी कड) वर ठरेनासा झाला. विक्रेत्याने तीन आठवडे आणि सहा ईमेलनंतर नवा पाठवला. चष्मेवाल्यांना तसंही आयकप खाली दाबूनच बघायचं असतं, त्यामुळे माझं अडलं नाही, पण बिनचष्म्याच्या माणसाने चिडावं असंच ते प्रकरण होतं.

जायचं असेल त्यांच्यासाठी: ग्लासगोहून केनाक्रेगपर्यंत गाडीने तीनेक तास, तिथून दोनेक तासांची फेरी. गाडी न्याच. हंस गाडीला बिचकत नाहीत, दार उघडून माणूस उतरला की उडतात. काच खाली करून दारावर कोपर टेकवलं की दुर्बीण स्थिर राहते. समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून बोटं उचलून नमस्कार करतो, तुम्हीही करा. बाबा पूर्ण हात हलवायचे.

दुर्बीण आता माझ्याकडे नाही. बाबा परत निघाले तेव्हा भिगवणचा हंगाम तोंडावर होता. "तुला काय, इथे दुकानं आहेत," म्हणाले आणि गळ्यात अडकवून विमानतळावर गेले. त्यांची १०×५० माझ्या रेडिएटरजवळच्या खिडकीत आहे, बाष्प अजून पुरतं गेलेलं नाही. मी तीच ८×४२ परत मागवली आहे. पट्टा ह्या वेळी वेगळा, तो आधीच येऊन पडलाय.